सुबारू एसटीआयला मोठी चाकं घालताना: आधी मोजपट्टी, मग खरेदी

प्रश्न असा आला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका मुलाने २०१६ची सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय सेकंडहँड घेतली. गाडीवर कंपनीची १८ इंची चाकं आहेत. त्याला १९ इंच व्यासाची, साडेनऊ इंच रुंद, +२२ ऑफसेटची चाकं ओळखीतून स्वस्तात मिळतायत. ती बसतील का? मागे २७५ आणि पुढे २४५ मिलिमीटर रुंद टायर टाकले तर पकड वाढेल का? आणि आत्ताच्या चार टायरांपैकी दोन बरे आहेत, तर तूर्त दोनच नवे घेऊन भागेल का?

तू सुरुवातच "काका" अशी केलीस, म्हणून अरे-तुरेच करतो. टायर, रिम आणि अलाइनमेंट या कामात मला बावीस वर्षं झाली. पहिली सहा पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात गेली, पुढची सोळा इथे न्यू जर्सीत. या काळात एसटीआय बऱ्याच हाताखालून गेल्या, आणि त्यांचं नुकसान झालेलं पाहिलं ते बहुतेक वेळा तुझ्या तिसऱ्या प्रश्नापायी. म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो.

दोनच नवे टायर घेऊ नकोस. ही चारही चाकं ओढणारी गाडी आहे. पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या मध्ये एक सेंटर डिफरन्शियल आहे. एसटीआयमध्ये त्याला डीसीसीडी म्हणतात. गिअरच्या दांड्याजवळचं छोटं बटण पुढे-मागे दाबून ते किती घट्ट धरायचं हे तू ठरवू शकतोस. मोकळं असताना ते पुढे ४१ आणि मागे ५९ टक्के जोर वाटतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी जास्त फिरतात आणि तो फरक पचवणं हे त्याचं कामच आहे. वळण संपलं की त्याला विसावा मिळतो. पण पुढच्या आणि मागच्या टायरांचा परीघच वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही हा फरक चालूच राहतो. टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, दोन तास सरळ जात असलास तरी त्याला क्षणाचा विसावा नाही.

हा फरक किती, ते आकड्यात बघ. तुझा मूळ टायर २४५/४० आर१८, म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १८ इंची. त्याचा व्यास ६५३ मिलिमीटर, परीघ साधारण २०५२ मिलिमीटर. म्हणजे एका किलोमीटरला तो सुमारे ४८७ वेळा फिरतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आहे आणि जुन्याची ५ उरली आहे असं धर. बघायला गेलास तर जुना टायर "चांगला" वाटेल. पण त्रिज्येत ३ मिलिमीटर गेले म्हणजे परिघात जवळजवळ १९ मिलिमीटर गेले. म्हणजे दर किलोमीटरला साडेचार फेऱ्यांचा फरक आणि शंभर किलोमीटरला साडेचारशे. इतक्या फेऱ्या ते डिफरन्शियल आतल्या आत घासून काढतं. डीसीसीडी घट्ट करून ठेवलंस तर ते त्यांना फिरूही देत नाही. मग तो ताण गिअरबॉक्समध्ये आणि टायरच्या रबरावर निघतो. साध्या डब्ल्यूआरएक्सच्या मॅन्युअल गाडीत मधे व्हिस्कस कपलिंग असतं. त्यातलं सिलिकॉन तेल सततच्या घसरणीने तापतं आणि घट्ट होतं. मग पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी काढताना ती अडकल्यासारखी, धक्के देत चालते. असं लक्षण घेऊन लोक माझ्याकडे "अलाइनमेंट करून द्या" म्हणून येतात, पण तोवर अलाइनमेंटने काही होण्यासारखं राहिलेलं नसतं.

सुबारूची शिफारस अशी की चारही टायरांचा परीघ एकमेकांपासून पाव इंचापेक्षा जास्त वेगळा नसावा. पाव इंच म्हणजे साधारण साडेसहा मिलिमीटर, आणि नक्षीच्या खोलीत तो जेमतेम १ मिलिमीटर भरतो. म्हणून या गाडीचे चार टायर हा मी एकच सुटा भाग धरतो. घ्यायचे तर चारही एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच मापाचे. "एकाच मापाचे" एवढ्यावर थांबू नकोस, कारण दोन कंपन्यांचे २४५/४० आर१८ पट्टी लावली की सहसा सारखे निघत नाहीत. टायरच्या कडेला लिहिलेलं माप हे नुसतं नाव आहे. खरं माप तुला स्वतः घ्यावं लागतं.

ते कसं घ्यायचं हे मला नाना पेठेतल्या वस्तादांनी शिकवलं. ते ट्रकच्या मागच्या जोडटायरांसाठी करायचे. दोन टायर शेजारी शेजारी बसतात, त्यांत एक मोठा आणि एक लहान असेल तर सगळा भार मोठ्यावर येतो आणि तो फुटतो. म्हणून ते प्रत्येक टायरला आधी सुतळी गुंडाळायचे, सुतळीवर नखाने खूण करायचे आणि ती फरशीवर ताणून दुसऱ्या टायरच्या सुतळीशेजारी ठेवायचे. दोन सुतळ्यांच्या टोकांमध्ये बोट मावलं तर ती जोडी जुळत नाही. मी आजही शिंप्याच्या टेपने तेच करतो. गाडी जॅकवर घे, चाक हवेत असू दे, चारही टायरांत हवा सारखी भर, टेप नक्षीच्या बरोब्बर मधोमध फिरव आणि खडूने आकडा टायरवरच लिही. चार आकडे शेजारी आले की पुढे वाद उरत नाही. तुझी गाडी सेकंडहँड आहे, त्यामुळे हे काम आज संध्याकाळीच कर. आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय ते दहा मिनिटांत कळेल.

आता मागे रुंद, पुढे अरुंद ही तुझी कल्पना. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना ते ठीक आहे, कारण तिथे पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं काही नसतं. तुझ्याकडे आहे. १९ इंची रिमवर पुढे २४५/३५ घेतलेस तर व्यास ६५४ मिलिमीटर. मागे २७५/३५ घेतलेस तर ६७५. म्हणजे ३ टक्क्यांहून जास्त फरक, विषय तिथेच संपला. कोणी सांगेल, मागे २७५/३० घे, व्यास जुळतो. तो ६४८च्या आसपास येतो. कागदावर जुळल्यासारखा दिसतो, पण परिघात २० मिलिमीटरचा फरक राहतो, म्हणजे कंपनीच्या मर्यादेच्या तिप्पट.

इथे तू मला निसान जीटी-आर दाखवशील. ती चारही चाकांवर चालते आणि कंपनीतूनच पुढे २५५/४० आर२०, मागे २८५/३५ आर२० घेऊन यायची, तिथेही व्यासात साडेचार मिलिमीटरचा फरक आहे. बरोबर आहे. पण तिथे पुढच्या चाकांना जोर द्यायचा की नाही हे एक इलेक्ट्रॉनिक क्लच ठरवतो, आणि तो फरक इंजिनिअरांनी आधीच धरून सगळं जुळवलं आहे. त्या गाडीत पुढे-मागे सारखे टायर टाकलेस तर तीच बिघडेल. तत्त्व दोन्हीकडे एकच: कंपनीने पुढच्या-मागच्या परिघाचं जे गुणोत्तर ठेवलं ते हलवायचं नाही. एसटीआयमध्ये ते एकास एक आहे.

आता ती १९ इंची चाकं. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबला (धुऱ्याच्या टोकाला) जिथे टेकते तो पृष्ठभाग, या दोघांमधलं अंतर. आकडा जेवढा मोठा तेवढं चाक गाडीच्या आत, जेवढा लहान तेवढं बाहेर. लोक नुसता ऑफसेट बघतात आणि फसतात, कारण रुंदी बदलली की तोच ऑफसेट वेगळ्या जागी नेऊन ठेवतो. म्हणून दोन अंतरं काढायची: हबच्या पृष्ठभागापासून रिमची बाहेरची कड किती बाहेर आणि आतली कड किती आत.

तुझं मूळ चाक १८ × ८.५, ऑफसेट +५५. रुंदी २१६ मिलिमीटर, तिचं अर्धं १०८. बाहेर १०८ वजा ५५, म्हणजे ५३. आत १०८ अधिक ५५, म्हणजे १६३. तुला मिळणारं चाक १९ × ९.५, ऑफसेट +२२. रुंदी २४१, अर्धं १२०.५. बाहेर ९८.५, आत १४२.५. म्हणजे चाकाची बाहेरची कड आत्ता आहे तिथून साडेपंचेचाळीस मिलिमीटर बाहेर येणार. साडेचार सेंटिमीटर. हाताची तीन बोटं चाकाच्या आत्ताच्या बाहेरच्या कडेला लावून बघ, नवं चाक साधारण तिथपर्यंत येईल. फेंडर (मडगार्ड) कापून रुंद केल्याशिवाय ते बसणार नाही. बसवलंसच तर स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो आणि टायरचा मध्य जिथे टेकतो त्यातलं अंतर तीन सेंटिमीटरहून जास्त वाढेल. मग रस्त्यातल्या प्रत्येक खाचेवर स्टिअरिंग हातातून ओढलं जाईल आणि बेअरिंगवर कायमचा लांब दांड्याचा भार येईल. स्वस्तात मिळतायत ती याच कारणाने मिळतायत. घेऊ नकोस.

तुझ्या जागी मी काय घेतलं असतं? १८ इंचच ठेवलं असतं आणि रुंदी वाढवली असती. १८ × ९.५, ऑफसेट +३८, चारही सारखी. या गाडीवर हे माप इतक्या लोकांनी वापरलंय की त्याच्या सगळ्या अडचणी माहीत झाल्या आहेत आणि त्यांचे उपायही. गणित कर: बाहेर ८२.५, म्हणजे मूळच्यापेक्षा ३० मिलिमीटर बाहेर. आत १५८.५, म्हणजे स्ट्रटपासून (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यापासून) साडेचार मिलिमीटर आणखी लांब. ही शेवटची गोष्ट मोलाची आहे, कारण रुंद टायरला आतल्या बाजूला जागा लागते आणि ती इथे आपोआप मिळते. +४५ घेतलंस तर बाहेर फक्त साडेबावीस येतं, फेंडरला सोपं जातं, पण आत अडीच मिलिमीटर जास्त शिरतं आणि टायर स्ट्रटजवळ जातो. बाहेर घासलं तर फेंडरची कड वळवता येते, स्ट्रट मात्र हलवता येत नाही. म्हणून माझा कल +३८ किंवा +४० कडे.

टायरमध्ये दोन पर्याय आहेत. २६५/३५ आर१८: व्यास ६४३ मिलिमीटर, मूळच्यापेक्षा दीड टक्का लहान. गाडी थोडी खाली बसते, गिअरिंग किंचित चपळ होतं, स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो. काटा ६५वर असताना तू खरा ६४ने जात असतोस. मिलव्हिलच्या ट्रॅकवर वर्षातून तीन-चारदा जाणाऱ्याला मी हाच देतो. दुसरा २५५/४० आर१८: व्यास ६६१, सव्वा टक्का मोठा, भिंत १०२ मिलिमीटर उंच. रोज कामावर जाणाऱ्याला हा. तू रोज रूट १वरून जातोस असं लिहिलं आहेस, तर तुझ्यासाठी २५५/४०. मात्र टायर मोठा असल्याने घासण्याची शक्यता थोडी जास्त, ते पुढे सांगतो. २६५/४० कोणी सुचवलं तर नको म्हण, तो अडीच टक्के मोठा होतो आणि पुढे पूर्ण स्टिअरिंग कापताना लायनर, म्हणजे फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर, खातो.

टायर घेताना भाराचा आकडाही बघ. २४५/४० आर१८ हे माप ९३ आणि ९७ अशा दोन्ही आकड्यांत मिळतं. ९३ म्हणजे एका टायरला ६५० किलो, ९७ म्हणजे ७३०. गाडी दीड टनाच्या वर आहे, चार माणसं आणि सामान घेऊन हार्ड ब्रेक मारलास की पुढच्या दोघांवर काय येतं याचा विचार कर. दाराच्या चौकटीवरच्या लेबलात आणि मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीही जाऊ नकोस.

"१९ इंच का नको?" हे तू विचारशीलच. २०१८पासून एसटीआय कंपनीतून १९ इंचावर यायला लागली, २४५/३५ आर१९. व्यास जवळजवळ तोच. फरक फक्त भिंतीत: ९८ मिलिमीटरची ८६ झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्याला खड्डे पडतात तेव्हा ते १२ मिलिमीटर फार कामाचे असतात. त्या दोन महिन्यांत माझ्याकडे वाकलेल्या रिम येतात त्यांत १९ आणि २० इंची जास्त असतात, आणि बहुतेकांची आतली कड वाकलेली असते, जी बाहेरून दिसत नाही; फक्त ६० मैलांवर स्टिअरिंग थरथरतं. शिवाय रिमचा व्यास वाढला की धातू मध्यापासून लांब जातो. कडेवर असलेला एक किलो गाडीला वेग घेताना जवळजवळ दोन किलोसारखा जड जातो, कारण तो पुढेही जातो आणि फिरतोही. जागतिक रॅलीत हीच सुबारू धावायची तेव्हा डांबरावर १८ इंची चाकं आणि खडी-मातीवर १५ इंची. खराब रस्त्यावर टायरची भिंत हाही सस्पेन्शनचाच भाग असतो, हे त्यांना माहीत होतं.

पकड टायरच्या रबरातून आणि रुंदीतून येते. रिमच्या व्यासाचा उपयोग मुख्यतः आत मोठे ब्रेक मावायला. तुझ्या २०१६च्या गाडीला पुढे चार पिस्टनचे ब्रेम्बो ब्रेक आहेत, ते १८ इंचात मावतात. २०१८पासूनच्या सहा पिस्टनवाल्या कॅलिपरना (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागाला) मात्र १८ हा किमान. तरीही मावतात म्हणजे नुसता व्यास पुरतो असं नाही. रिमचे आरे कसे वळलेत त्यावर ते ठरतं. सारख्याच मापाच्या दोन रिम, एकीचे आरे बाहेर फुगलेले, दुसरीचे सपाट. पहिली बसते, दुसरी कॅलिपरला टेकते.

यासाठी मी मुलांची खेळायची मऊ माती वापरतो. कॅलिपरच्या बाहेरच्या चेहऱ्यावर आणि वरच्या खांद्यावर वाटाण्याएवढे चार-पाच गोळे चिकटवायचे, रिम टायरशिवाय हबवर चढवायची, दोन नट हाताने लावायचे आणि रिम हळूच एक फेरी फिरवायची. परत काढली की गोळे दाबले गेलेले असतात. त्यांची जाडी मोजली की तेवढीच मोकळी जागा. ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मी ती रिम परत पाठवतो. आत चिकटवायची बॅलन्सिंगची वजनंही याच जागेतून फिरणार असतात, हे विसरू नकोस. दुकानदार "बसते हो" म्हणाला तरी पैसे द्यायच्या आधी एक रिम अशी लावून बघायला माग. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नकोस.

आता घासण्याचं. १८ × ९.५ +३८ जशीच्या तशी लावून निघालास तर दोन जागी आवाज येईल. मागे फेंडरच्या आतल्या बाजूला वळवलेली पत्र्याची ओठासारखी कड असते, ती टायरला लागते. आणि मागचा बंपर जिथे फेंडरला मिळतो तिथे प्लास्टिकचा एक कान आणि त्यात स्क्रू असतो, तो टायरच्या खांद्यावर बारीक खाच पाडतो. ही खाच मी एकदा वेळेवर पाहिली नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला सेकंडहँड चाकं घातली होती. एकटाच बसून दोन दिवस फिरवली, काही आवाज नाही. तिसऱ्या दिवशी मागे तीन पाहुणे आणि डिकीत सामान घेऊन विमानतळाकडे निघालो आणि पुलाच्या जोडावर गाडी खाली बसली तसा करकरीत आवाज आला. उतरून पाहिलं तर दोन्ही मागच्या टायरांना बोटभर लांब चीर. दोर दिसत नव्हते, पण ते दोन्ही टायर गेले, आणि ही चारही चाकांवर चालणारी गाडी असल्याने पुढचे दोनही बदलावे लागले. तेव्हापासून कुठलीही नवी जोडणी मी मागे माणसं बसवून, एक मागचं चाक रॅम्पवर चढवून तपासतो. रॅम्पवर चढलेलं चाक आत दाबलं जातं, आणि जे रस्त्यावर खड्ड्यात होणार ते दुकानात डोळ्यासमोर होतं. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापून, गाडी पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवून बघायचं. रिव्हर्समध्ये टायर वेगळ्या जागी ढकलला जातो, तिथेच लायनरला लागतो.

उपाय असा. मागच्या फेंडरची कड रोलरने आत वळवून घे. रोलर हबवरच बसतो, त्याचा हात फेंडरखाली फिरतो. रंग हीट गनने आधी गरम करावाच लागतो, हात लावला तर चटका बसेल इतका, आणि दाब थोडा थोडा वाढवत चार-पाच फेऱ्यांत कड वर न्यायची. थंड पत्र्यावर घाई केली की रंगाला केसासारख्या चिरा पडतात आणि इथल्या मिठाच्या रस्त्यावर एका हिवाळ्यात तिथून गंज धरतो. वळवल्यावर कडेला सीलंट आणि रंग लाव. बंपरचा तो कान कापून स्क्रू थोडा मागे घ्यायचा, अर्ध्या तासाचं काम आहे.

कॅम्बरनेही जागा मिळते. पुढे स्ट्रटच्या वरच्या बोल्टने चाक वरून आत झुकवता येतं. एका अंशाला टायरचा माथा साडेपाच-सहा मिलिमीटर आत येतो. पण तो बोल्ट फिरवला की टायर स्ट्रटच्याही जवळ जातो. वरच्या कॅम्बर प्लेटने झुकवलं तर स्ट्रटही सोबत झुकतो आणि त्या दोघांतली जागा तशीच राहते. रस्त्यावरच्या गाडीला पुढे उणे दीड अंशाच्या आसपास मला पुरेसं वाटतं. त्याहून पुढे गेलास तर टायरची आतली कड आधी संपते, आणि तुला आता माहीत आहे की एक टायर आधी संपणं या गाडीला परवडत नाही. टो, म्हणजे वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, शून्याजवळ ठेव. कॅम्बरपेक्षा चुकीचा टो टायर जास्त लवकर खातो.

रिम कोणती घ्यावी यावर एवढंच सांगतो की नकली घेऊ नकोस. रेजची टीई३७ १९९६पासून लोकप्रिय आहे, ती फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली असते. तिच्यासारखी दिसणारी ओतीव रिम पाचवा हिस्सा किमतीत मिळते आणि खड्ड्यात वाकण्याऐवजी तडकते. एन्केईची आरपीएफ१ हलकी आहे आणि या गाडीच्या मापात मिळते. मजबुतीच्या जपानी चाचणीचा जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हा शिक्का रिमवर असतो, तो बघ. सेकंडहँड घेत असशील तर प्रत्येक रिम बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवून आतली कड डोळ्यांनी बघ.

बसवताना हबच्या मधल्या भोकाकडे लक्ष दे. सुबारूचा हब ५६.१ मिलिमीटरचा, आणि बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक ७३.१. मधली जागा भरायला कडी मिळते. ती लावली की रिम बरोब्बर मधे बसते आणि महामार्गावरची थरथर जाते. पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, ५ × ११४.३ आहे, पण जुन्या सुबारूंचे ५ × १०० होते, तेव्हा सेकंडहँड रिम घेताना हेही मोजून घे. नट १२ × १.२५ आट्यांचे, आणि नव्या रिमला ६० अंशांच्या शंकूचे लागतात. नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १२ मिलिमीटर, आत गेला पाहिजे. हाताने नऊ-दहा फेऱ्या होत नसतील तर स्टड कमी पडतोय. म्हणूनच मी जाड स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची चकती) लावायला सहसा तयार होत नाही. ऑफसेट चुकला असेल तर योग्य ऑफसेटची रिम घ्यावी.

टायरमधल्या हवेच्या दाबाचे सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात घालता येतात, किंवा दुसरा संच घेऊन त्यांचे क्रमांक गाडीला शिकवावे लागतात. दिवा पेटलेला तसाच ठेवून फिरू नकोस.

नट इम्पॅक्ट गनने घट्ट करू देऊ नकोस. चाक हवेत असताना हाताने चांदणीच्या क्रमाने लाव, मग चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. मग ८० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा रेंच लाव. नव्या रिमवरचा रंग नटाखाली दबतो आणि पहिल्या फेरीत एखादा नट पाव वळसा सैल होतोच. त्याच वेळी टेप घेऊन चारही परीघ पुन्हा लिहून ठेव. पुढे दर आठ हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घाल; चारही चाकं एकाच मापाची घेतल्याने ते तुला जमणार आहे, म्हणजे चौघं एकाच गतीने झिजतील.

आणि मूळची १८ × ८.५ विकू नकोस. तुझी नवी चाकं उन्हाळी टायरांवर असणार, आणि उन्हाळी रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली लाकडासारखं कडक होतं. मूळ चार रिमवर २४५/४० आर१८चे हिवाळी टायर चढवून ठेव. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधी ती लाव, एप्रिलमध्ये खड्डे बुजवले की नवी पुन्हा चढव.